वेबटूनवर आधारित मालिका पाहताना प्रेक्षकाला काय वाटते, ते मोजायचे कसे?

अबोली_पुणे

नमस्कार. मी माध्यमविद्येच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला असून लघुप्रबंधासाठी कोरियन वेबटून आणि त्यांवरून निघालेल्या मालिका-चित्रपट हा विषय घेतला आहे. ज्यांचा या प्रकाराशी परिचय नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वेबटून म्हणजे फोनच्या पडद्यावर वरून खाली सरकवत वाचायची, बहुधा रंगीत आणि दर आठवड्याला एक भाग अशी येणारी चित्रकथा. कोरियात दाउम आणि नेव्हर या तिथल्या मोठ्या संकेतस्थळांनी अनुक्रमे २००३ आणि २००४ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र विभाग सुरू केले. आज तिथल्या मालिकांना कथानके पुरवणारा तो एक मोठा झरा झाला आहे. ‘मिसेंग’, ‘इटेवॉन क्लास’, ‘स्वीट होम’, ‘ऑल ऑफ अस आर डेड’, ‘मूव्हिंग’ यांतले काही ना काही इथल्या बऱ्याच जणांनी पाहिले असेल. या सगळ्यांचे मूळ वेबटूनमध्येच आहे.

मूळ कथा वाचलेला प्रेक्षक आणि न वाचलेला प्रेक्षक यांच्या भावनिक प्रतिसादांत फरक पडतो का, आणि पडत असेल तर तो कशाने मोजायचा, हा माझा प्रश्न आहे. दोन्ही गटांना एकच प्रसंग दाखवायचा आणि लगेच ‘हा प्रसंग तुम्हाला किती भावला?’ अशा धर्तीची पाच बिंदूंची प्रश्नावली भरून घ्यायची, एवढाच आराखडा मी सध्या केला आहे. प्रश्नावलीवर विसंबण्यापेक्षा लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून चेहरा टिपून भावना ओळखणारे सॉफ्टवेअर वापरावे, असे मार्गदर्शकांचे मत आहे. एका वर्गमित्राचा सल्ला असा, की या सगळ्या खटाटोपाऐवजी यूट्यूबवरील झलकींखालच्या प्रतिक्रिया गोळा करून त्यांचे विश्लेषण करावे.

मला यांपैकी कशावरच भरवसा वाटत नाही, आणि त्याचे कारण सांगते. ‘स्वीट होम’चे वेबटून पूर्ण वाचलेल्या एका मैत्रिणीबरोबर मी त्या मालिकेचा पहिला भाग पाहिला. ती शेवटपर्यंत कपाळाला आठ्या घालून बसली होती. मी प्रश्नावली दिली असती तर तिने दोनच्या वर गुण दिले नसते आणि कॅमेऱ्याने ‘राग’ अशी नोंद केली असती. प्रत्यक्षात मात्र तिने मध्ये उठून पाणीसुद्धा घेतले नाही. नंतर बोलताना लक्षात आले, की तिला एकाच वेळी भीतीही वाटत होती आणि रागही येत होता. भीती राक्षसांची होती आणि राग दिग्दर्शकाचा. या दोन गोष्टी एकाच आकड्यात कोंबल्या तर माझ्या हाती काय लागणार? हे वेगळे करण्याची काही रीत आहे का, आणि ती माझ्यासारख्या विद्यार्थिनीच्या आवाक्यातली आहे का?

उभी_चौकट

अबोलीताई, आपण आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर स्वतःच दिले आहे. डच अभ्यासक एड टॅन यांनी १९९६ मध्ये चित्रपट आणि भावना यांवर लिहिताना हाच भेद केला होता. काही भावना कथेतल्या जगाबद्दल असतात आणि काही त्या कलाकृतीच्या घडणीबद्दल. राक्षस दारात उभा राहिल्यावर वाटते ती पहिल्या प्रकारची, आणि ‘हा राक्षस चांगला जमला आहे’ किंवा ‘याची पार वाट लावली आहे’ असे वाटते ती दुसऱ्या प्रकारची. प्रत्येक चित्रपट पाहताना आपल्यात दोन्ही असतात. रूपांतर पाहणाऱ्या जाणकार वाचकाच्या बाबतीत मात्र दुसऱ्या प्रकारची भावना फार लवकर आणि फार जोरात बोलू लागते, कारण त्याच्यापाशी तुलनेला एक ठोस वस्तू असते. म्हणून ‘प्रसंग किती भावला?’ हा एकच प्रश्न विचारणे म्हणजे दोघांना एकदम हाक मारून जो आधी ओ देईल त्याचे नाव लिहून घेणे आहे.

हा भेद न केल्यास काय घोटाळा होतो, हे ‘अलाँग विथ द गॉड्स’च्या उदाहरणात चांगले दिसते. जू हो-मिन यांचे हे वेबटून २०१० ते २०१२ या काळात नेव्हरवर आले. त्यातला किम जा-होंग हा नोकरीत आणि दारूत झिजलेला एक अगदी सामान्य कर्मचारी असतो. मेल्यानंतर ४९ दिवसांत त्याला परलोकातल्या न्यायालयांना तोंड द्यावे लागते आणि जिन गी-हान नावाचा एक तरुण वकील त्याची बाजू लढवतो. २०१७ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या चित्रपटात हा वकीलच काढून टाकला, त्याचे काम यमदूतांचा म्होरक्या गांगरिम याच्याकडे सोपवले आणि जा-होंगला आगीत लोकांना वाचवताना मरणारा अग्निशमन जवान केले. वाचक हळहळले, चिडले. ज्या माणसाने आयुष्यात विशेष काहीच केले नाही त्याचाही खटला कोणी मन लावून लढतो, हा मूळ कथेचा गाभा होता आणि तोच गेला, ही त्यांची तक्रार होती. माझ्या मते ती रास्तच होती. तरीही कोरियात चित्रपटाची सुमारे १ कोटी ४४ लाख तिकिटे खपली. तिथली एकूण लोकसंख्या सव्वापाच कोटींच्या आतबाहेर आहे, हे लक्षात घेतले की या आकड्याचा आवाका कळतो. शेवटच्या आई-मुलाच्या प्रसंगात लोक रडले आणि काही समीक्षकांनी चित्रपट ओढूनताणून रडवतो म्हणून नाके मुरडली. आता यातला ‘प्रेक्षकांचा भावनिक प्रतिसाद’ कोणता? वाचकांची हळहळ, तिकीटबारीचा आकडा, की डोळ्यांतले पाणी? आपण कोणते साधन हातात घ्याल त्यावर उत्तर बदलेल. शिवाय वकील गेल्याबद्दल चिडलेला वाचकच शेवटी रुमाल शोधत असेल, ही शक्यता यांतल्या कोणत्याही एकट्या आकड्यात दिसणार नाही.

दुसरा मुद्दा वेळेच्या मालकीचा आहे. वेबटूनमध्ये काळ वाचकाच्या अंगठ्यात असतो. एका चौकटीनंतर पडदाभर नुसती काळी जागा सोडलेली असते, आणि खाली काय आहे याचा अंदाज आलेला वाचक मुद्दाम हळू सरकवतो, थांबतो, कधी फोन थोडा लांब धरतो. भीतीचा निम्मा भाग त्या थांबण्यात असतो. नेव्हरवर २०११ मध्ये होरांग या चित्रकाराने बोंगचन-दोंग भागातल्या भुताची एक छोटी कथा टाकली होती. तिच्यात एका ठरावीक ठिकाणी पोहोचताच चित्र आपोआप हलू लागते. तिचा एवढा बोलबाला झाला तो भूत फार भयानक काढले होते म्हणून नव्हे, तर वाचकाच्या अंगठ्यातला काळ क्षणभर हिसकावून घेतला गेला म्हणून. मालिकेत तो काळ सुरुवातीपासूनच दिग्दर्शक आणि संकलक यांच्या हाती असतो. तेव्हा मूळ कृती आणि रूपांतर यांतल्या ‘त्याच’ प्रसंगाची तुलना करताना आपण एकाच प्रसंगाच्या दोन आवृत्त्या मोजत नसून भीती घडवण्याच्या दोन निरनिराळ्या यंत्रणा मोजत आहोत, याचे भान असावे.

कृती निवडतानाही थोडा विचार करावा. ‘इटेवॉन क्लास’ आणि ‘मूव्हिंग’ या दोन्हींची पटकथा मूळ वेबटूनकारांनीच लिहिली आहे. ‘हेलबाउंड’मध्ये तर वेबटूनचा लेखक यॉन सांग-हो हाच मालिकेचा दिग्दर्शक आहे. ‘लेखकाचा विश्वासघात केला’ हा राग अशा कृतींत बराचसा बाजूला पडतो आणि माध्यम बदलल्याचा परिणाम थोडा स्वच्छ दिसतो. याउलट ‘चीज इन द ट्रॅप’ची मालिका २०१६ मध्ये आली तेव्हा वेबटून संपलेही नव्हते, आणि उत्तरार्धात नायकाच्या वाट्याला आलेल्या वेळेवरून व शेवटावरून प्रेक्षक संतापले होते. घडणीबद्दलच्या भावनेचाच अभ्यास करायचा असेल तर ती उत्तम आहे. राक्षस, रक्तपात असलेली कृती घेणार असाल तर सहभागी अठरा वर्षांवरील असावेत आणि त्यांना आधी स्पष्ट कल्पना द्यावी, हे सांगायला नकोच.

त्वचालेख

मी मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत शारीरिक मापनाचे काम करतो, म्हणून साधनांपुरतेच लिहितो.

चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल प्रथम. ही सॉफ्टवेअर साधारणतः एकमन आणि फ्रीझन यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या, चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या पायावर उभी असतात. भुवया खाली-आत ओढल्या गेल्या ही नोंद ती बऱ्यापैकी अचूक करतात. अडचण त्यापुढच्या पायरीवर येते, कारण भुवया खाली आल्या म्हणजे माणूस रागावला, असे ठरवायला फारसा आधार नाही. लीसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये या विषयावरचे संशोधन एकत्र करून हेच दाखवले, की एकाच भावनेत चेहरे निरनिराळे होतात आणि एकच चेहरा निरनिराळ्या भावनांत दिसतो. आपल्या अभ्यासात तर आणखी एक पेच आहे. आपले प्रेक्षक कोरियन संवाद ऐकत इंग्रजी उपशीर्षके वाचणार. बारीक अक्षरे भरभर वाचणारा माणूस कपाळाला आठ्या घालतोच. आपल्या मैत्रिणीच्या आठ्यांपैकी किती दिग्दर्शकासाठी होत्या आणि किती उपशीर्षकांसाठी, हे कॅमेरा सांगू शकणार नाही. शिवाय माणूस एकटा असताना आणि सोबत कोणी असताना त्याच्या हसण्याचे प्रमाण बदलते. फ्रिडलंड यांनी १९९१ मध्ये दाखवल्याप्रमाणे, मित्र दुसऱ्या खोलीत तीच फीत पाहत आहे एवढी कल्पना दिली तरी स्मित वाढते. तेव्हा गटाने बसवून चेहरे टिपण्याचा बेत असेल तर तो सोडून द्यावा. मार्गदर्शकांचा आग्रहच असेल तर स्नायूंच्या हालचालींची नोंद ठेवावी, पण सॉफ्टवेअरने छापलेली ‘राग’, ‘आनंद’ ही लेबले जशीच्या तशी उचलू नयेत.

दुसरे साधन त्वचेची विद्युतवाहकता. बोटांवर दोन इलेक्ट्रोड लावतात. अनुकंपी मज्जासंस्था चाळवली की घर्मग्रंथी किंचित सक्रिय होतात आणि वाहकता वाढते. हे साधन प्रामाणिक आहे, पण ते एवढेच सांगते, की माणूस आतून उत्तेजित झाला. भीतीने, हसण्याने, रागाने की नुसता पार्श्वसंगीताचा आवाज एकदम वाढल्याने, हे त्याला कळत नाही. घटना आणि प्रतिसाद यांत साधारण एक ते तीन सेकंदांचे अंतर असते, त्यामुळे भराभर तुकडे बदलणाऱ्या संकलनात कोणता प्रतिसाद कोणत्या दृश्याचा हे ठरवणे अवघड जाते. काही माणसांच्या बोटांवर प्रतिसाद जवळपास उमटतच नाही. काहींचे हात मुळातच गार असतात. खोलीचे तापमान सारखे ठेवावे लागते आणि उन्हातून जिना चढून आलेल्या माणसाला शांत बसवून ठेवल्याशिवाय मोजणी सुरू करता येत नाही. दमट हवेत तर आलेखाचा तळच वर सरकलेला असतो. प्रत्येकाचे आकडे दुसऱ्याशी न ताडता त्याच्या स्वतःच्या सरासरीशी ताडावेत, हा इथला पहिला नियम.

आणि वेबटून वाचतानाही हे मोजायचे असेल तर उभी_चौकट यांनी सांगितलेला अंगठा आडवा येतो. प्रत्येक वाचक निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या चौकटीवर असतो, म्हणून फोनच्या पडद्याचे चित्रमुद्रण सोबत घेऊन ‘ती’ चौकट त्याच्यासमोर नेमकी कधी आली हे प्रत्येकासाठी वेगळे टिपावे लागते. इलेक्ट्रोड दुसऱ्या हाताला लावायचे, नाहीतर सरकवण्याची हालचालच आलेखात भावना म्हणून उमटते. काळी जागा सुरू झाल्यापासून अंगठा किती वेळ थांबला, हा आकडा याच मुद्रणातून फुकट मिळतो. मला विचाराल तर वेबटूनच्या बाजूचा तोच सर्वांत बोलका आकडा ठरेल.

आता आवाक्यातली गोष्ट. ब्रॅडली आणि लँग यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेली चित्रमय मोजपट्टी वापरावी. तिच्यात शब्दांऐवजी बाहुल्यांच्या तीन रांगा असतात. पहिली सुखद-असुखद दाखवते, दुसरी शांत-उत्तेजित, आणि तिसरी परिस्थितीवर आपला किती ताबा वाटतो ते. सहभागी व्यक्ती आपल्या स्थितीशी जुळणाऱ्या बाहुलीवर खूण करते. ही पट्टी स्वतःच एक छोटी चित्रकथा असल्याने आपल्या विषयाला शोभेलही. तिच्या जोडीला कथेत गुंतण्याची प्रश्नावली असावी. बुसेल आणि बिलांजिक यांची २००९ ची प्रश्नावली बारा विधानांची आहे. कथा समजणे, लक्ष टिकणे, त्या जगात असल्यासारखे वाटणे आणि भावनिक गुंतवणूक असे तिचे चार भाग आहेत. मैत्रिणीच्या बाबतीत ‘लक्ष’ भरपूर आणि ‘सुखद’ कमी, असे निघाले असते आणि तिथेच गुंता सुटायला लागला असता.

प्रश्न लगेच विचारावा की नंतर, याबद्दल एक. फ्रेडरिक्सन आणि कानेमन यांनी १९९३ मध्ये छोट्या चित्रफिती दाखवूनच सिद्ध केले होते, की मागाहून गुण देताना माणूस अनुभवाची लांबी जवळजवळ विसरतो आणि सर्वांत तीव्र क्षण व शेवट यांवरच निकाल देतो. म्हणून एकाच शेवटच्या गुणावर राहू नये. आधी प्रसंग अखंड पाहू द्यावा. मग तोच पुन्हा दाखवून, ‘पहिल्यांदा पाहताना या क्षणी कसे वाटत होते’ ते एका सरकपट्टीवर सतत दाखवायला सांगावे. पहिल्याच वेळी सरकपट्टी हातात दिली तर माणूस प्रेक्षक राहत नाही, परीक्षक होतो, आणि आपल्याला नेमके तेच टाळायचे आहे.

विदावेडा

यूट्यूबच्या प्रतिक्रियांविषयी लिहितो, कारण आपल्या वर्गमित्राचा सल्ला वाटतो तितका सोपा नाही.

पहिली अडचण, लिहिणारा कोण? ज्याला फार आवडले किंवा फार खटकले तोच प्रतिक्रिया लिहायला बसतो. मधला बहुसंख्य प्रेक्षक पाहून झोपी जातो. ऑनलाइन गुणांकनाच्या अभ्यासांत म्हणूनच दोन्ही टोके उंच आणि मधला भाग खोलगट असा आलेख वारंवार आढळला आहे. मूळ कृतीचे वाचक तर संघटित असतात आणि मालिका येण्याआधीच, नटांची नावे जाहीर झाली त्या दिवशीच, लिहून मोकळे होतात. झलकीखालची प्रतिक्रिया ही पाहण्याची प्रतिक्रिया नसून अपेक्षेची असते. तिला अपेक्षेचा पुरावा म्हणून जरूर वापरावे, पण भावनिक प्रतिसाद म्हणून नाही.

दुसरी अडचण यंत्राची, म्हणजे प्रतिक्रियेचा सूर आपोआप ओळखणाऱ्या संगणकप्रणालीची. मराठीसाठी पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने २०२१ मध्ये सुमारे सोळा हजार ट्वीट्सचा एक संच खुला केला. त्यात सकारात्मक, नकारात्मक आणि तटस्थ असे तीन वर्ग आहेत. काम मोलाचे आहे आणि आपल्या भाषेत असे काही मुक्त उपलब्ध असणे हीच मोठी सोय आहे. मात्र आपल्या प्रतिक्रिया रोमन लिपीत, मराठी-हिंदी-इंग्रजीची सरमिसळ केलेल्या आणि अर्ध्या इमोजींच्या असणार. त्याहून मोठा घोटाळा असा, की ‘रडून रडून हाल झाले’, ‘काळीज फाटले’, ‘रात्रभर झोप नाही’ या मालिकांच्या जगात दिलेल्या शाबासक्या आहेत. यंत्र त्यांना नकारात्मक म्हणेल. ‘वा, काय सुंदर वकील गायब केला आहे’ हे ते सकारात्मक म्हणेल. शोकात्म चित्रपट लोकांना का आवडतात यावर हानिश, मेनिंगहाउस आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा एक अभ्यास आहे. दुःख आणि आवड यांच्यामध्ये ‘हेलावून जाणे’ ही स्वतंत्र भावना दुव्यासारखी काम करते, असे त्यांना आढळले. सकारात्मक-नकारात्मक अशी एकच रेघ ओढणाऱ्या यंत्राच्या हाताला ही भावना लागतच नाही, आणि कोरियन मालिकांचा तर सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे.

तरीही एक उपयोग सुचवतो. जपानमधील निकोनिको या संकेतस्थळाने २००६ पासून अशी सोय ठेवली, की प्रेक्षकाची प्रतिक्रिया चित्रफितीच्या नेमक्या त्या सेकंदाला चिकटते आणि पडद्यावरून वाहत जाते. आपल्याकडच्या प्रतिक्रियांत तशी सोय नसली तरी पुष्कळ लोक आपणहून ‘४:३२ ला अंगावर काटा आला’ असे लिहितात. वेळ लिहिलेल्या तेवढ्याच प्रतिक्रिया वेचून, यंत्राला न देता दोन माणसांकडून स्वतंत्रपणे वर्ग पाडून घ्याव्यात आणि दोघांचे कितपत जुळते तेही नोंदवावे. प्रयोगासाठी कोणता प्रसंग निवडावा हे ठरवायला या नोंदी पुरेशा आहेत. त्यापलीकडे त्यांच्यावर भार टाकू नये.

अबोली_पुणे

तिघांचेही मनःपूर्वक आभार. कॅमेऱ्याचा नाद मी सोडत आहे. त्वचेच्या वाहकतेचे उपकरण आमच्या विभागात नाही, त्यामुळे चित्रमय मोजपट्टी, गुंतण्याची प्रश्नावली आणि नंतरची सरकपट्टी एवढ्यावरच काम करीन. वेबटूनच्या बाजूला अंगठ्याचे थांबणे मोजण्याची कल्पना फारच पटली.

आता एकच मुद्दा अडतो. मूळ वाचलेले आणि न वाचलेले असे दोन गट केले, तर वाचलेले लोक मुळातच या प्रकाराचे चाहते असणार. फरक दिसला तरी तो वाचल्यामुळे की चाहतेपणामुळे, हे मला सांगता येणार नाही. आणि घडणीबद्दलची भावना मोजण्यासाठी वेगळी प्रश्नावली मिळाली नाही, तर मी स्वतः विधाने तयार करणे योग्य ठरेल का?

काव्यशास्त्री

विधानांच्या प्रश्नाकडे थोड्या वेगळ्या वाटेने येतो. आपण ज्या दुहेरी अवस्थेला भिडला आहात ती आपल्याकडच्या साहित्यचर्चेला नवी नाही. १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून बोलताना न. चिं. केळकरांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली होती. वाचक स्वतःची भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि त्या दुहेरीपणातच वाङ्मयाचा आनंद असतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. पण आपल्या कामासाठी त्यातून एक उपयुक्त सूचना मिळते: समाधी (कथेत बुडणे) आणि विकल्प (स्वतःचे भान राखणे) यांना एका पट्टीची दोन टोके मानू नये. एक वाढले म्हणजे दुसरे घटलेच पाहिजे, असे नाही. मूळ कथा मुखोद्गत असलेला वाचक तुलना करता करताच अधिक खोल बुडालेला असू शकतो. लिंडा हचन यांनीही २००६ मध्ये रूपांतरावर लिहिताना जाणकार प्रेक्षकाच्या मनात दोन्ही कृतींचे हे मागेपुढे होणे हाच रूपांतराचा खास आनंद मानला आहे. म्हणून दोन्हींसाठी स्वतंत्र विधाने आणि स्वतंत्र बेरजा ठेवाव्यात.

भरताच्या नाट्यशास्त्रातल्या सात्त्विक भावांच्या, म्हणजे मनातली भावना शरीरावर उमटते त्या खुणांच्या, यादीत स्वेद (घाम), रोमांच आणि अश्रू आहेत, म्हणजे भरताने त्वचेची वाहकता आधीच ओळखली होती, असे कोणीतरी लिहिण्याआधी मीच सांगून ठेवतो: ते भाव नटाने दाखवायचे आहेत, प्रेक्षकाच्या बोटांवर मोजायचे नव्हेत. प्रबंधात हा मोह टाळावा.

विधाने मराठीतच घडवावीत आणि ती रोजच्या बोलण्यातली असावीत. ‘त्या पात्राचे काय होईल याची मला धाकधूक वाटत होती’ हे कथेबद्दलचे विधान झाले. ‘अमुक प्रसंग गाळल्याची रुखरुख लागली’, ‘चेहरा मनात होता तसा न दिसल्याने हिरमोड झाला’, ‘हे त्यांनी कसे जमवले याचे कौतुक वाटले’ ही घडणीबद्दलची. शेवटच्यासारखी कौतुकाची विधाने पुरेशी ठेवा, नाहीतर घडणीबद्दलची भावना म्हणजे तक्रारच, असे गृहीत धरल्यासारखे होईल. ‘युमीज सेल्स’मध्ये नायिकेच्या डोक्यातल्या पेशी त्रिमित ॲनिमेशनने आणि बाकीची माणसे प्रत्यक्ष नटांनी साकारली आहेत. ते पाहून मूळ वाचकांना झालेला आनंदही घडणीचाच होता.

त्वचालेख

चाहतेपणाच्या पेचावर उत्तर आहे: दोन नव्हे, तीन गट करावेत. पहिला, स्वतःच्या आवडीने मूळ वेबटून वाचलेल्यांचा. दुसरा, वेबटून कधीच न वाचलेल्यांचा. तिसऱ्या गटातही न वाचलेलेच लोक घ्यावेत, पण त्यांना प्रयोगाच्या दोनएक आठवडे आधी निवडक भाग वाचायला द्यावेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटांत कोण जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. तिसरा गट दुसऱ्यापेक्षा वेगळा निघाला तर तो कथा माहीत असल्याचा परिणाम; पहिला तिसऱ्यापेक्षा वेगळा निघाला तर त्यात प्रेमाचा, सवयीचा आणि वर्षानुवर्षे दर आठवड्याला वाट पाहिल्याचा वाटा असण्याचा संभव मोठा. पहिल्या गटाच्या बाबतीत चिठ्ठ्या टाकता येत नाहीत, त्यामुळे तिथला निष्कर्ष जपूनच लिहावा.

दुसऱ्या गटाला ‘मूळ कृतीपेक्षा’ अशी विधाने देता येणार नाहीत. त्यांच्यासाठी घडणीची विधाने अभिनय, दृश्ययोजना, संगीत यांपुरती ठेवावीत आणि तिन्ही गटांची तुलना फक्त समान विधानांवर करावी. विधाने आधी पाच-सहा जणांना वाचायला देऊन त्यांना काय समजले ते तोंडी सांगायला लावले, तर अवघडलेली वाक्ये तिथेच गळून पडतील.

अपेक्षाही मोजायच्या असतील, आणि त्या मोजाव्यातच, तर कोणत्या प्रसंगाची वाट पाहत आहात आणि तो पाहताना कसे वाटेल असे वाटते, हे वाचकांना विचारावे. पण तो प्रश्न दाखवण्याच्या अगदी आधी नको. खुर्चीत बसवून विचारलात तर ‘तुलना करा’ अशी सूचनाच दिल्यासारखे होईल आणि सगळे परीक्षक होऊन बसतील. नोंदणीच्या वेळी, आठवडाभर आधी, इतर दहा साध्या प्रश्नांत तो मिसळून टाका.

अबोली_पुणे

तिसऱ्या गटाची कल्पना उद्याच मार्गदर्शकांपुढे ठेवते. नोंदणीचा अर्ज तयार झाला की त्यातली विधाने याच धाग्यावर टाकीन. काव्यशास्त्री आणि विदावेडा यांनी ती कृपया निर्दयपणे तपासावीत.